रंगाचे सहा हात

आई, मी विमान घेतलंय. अर्धं घेतलंय असं म्हण, कारण उरलेलं अर्धं रोह्याच्या एका रिटायर झालेल्या कॅप्टनचं आहे. हे तुला सांगायचं राहून गेलं, कारण तू गेलीस त्याला चोवीस वर्षं झाली आणि विमान आलं पाच वर्षांपूर्वी. तू असतीस तर "कशाला?" असं विचारलं नसतंस. तू विचारलं असतंस, "ठेवलंस कुठं गो?" आणि प्रश्न रास्त असता. विमान घेणं फारसं अवघड नाही. ते ठेवायचं कुठे आणि उंदरांपासून वाचवायचं कसं, यातच माणूस मेटाकुटीला येतो.

मोठ्या विमानांसारखं काही डोळ्यांपुढे आणू नकोस. हे दोन माणसांचं आहे, शेजारी शेजारी बसायचं, पुढे एक पंखा आणि शेपटीखाली एक छोटं चाक. वयाने ते माझ्याहून मोठं आहे. आत लोखंडी नळ्यांचा सांगाडा, पंखांत लाकडाच्या लांब पट्ट्या आणि वरून सगळीकडे कापड. खरंच कापड. ते ताणून शिवायचं, त्यावर डोप नावाचं उग्र वासाचं रसायन चढवायचं, की ते ढोलकीसारखं ताठ होतं. मुंबईच्या विमानतळावर मी तीस वर्षं पत्र्याची विमानं दुरुस्त केली आणि रिटायर होऊन पेणला आले, ती हे कापडाचं घेऊन बसले. घाटावरच्या एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबच्या शेडमध्ये ते पडून होतं, कबुतरांनी पांढरं करून ठेवलेलं. कॅप्टन तरुणपणी त्याच जातीच्या विमानावर उडायला शिकले होते. त्याला हात लावून ते म्हणाले, "ताई, तुमी दुरुस्त करा, मी उडवतो." मी चारचाकीसुद्धा चालवत नाही, अजून एसटीनेच फिरते. पण हो म्हणून बसले.

पंख खाली आणले ते हमरापूरच्या टेम्पोवाल्याने. एवढी मोठी आणि एवढी नाजूक वस्तू घाटातून न्यायची कशी, याचं उत्तर साऱ्या मुलखात आपल्याच माणसांना येतं. "गणपती नेतो तसंच नेतो ताई, काय पन काळजी करू नका," तो म्हणाला. खाली भाताचा पेंढा, मध्ये पेंढा, सुंभाने बांधलेलं, वर मेणकापड. गडब गावाला हायवेलगत एक बंद पडलेली भाताची गिरणी आहे, तिची शेड मी भाड्याने घेतली होती. तिथे पंख उतरवून झाल्यावर त्याने घाम पुसत विचारलं, "आनि ह्याचं विसर्जन कुठं करनार?" मी पोट धरून हसले. कॅप्टनना ते मुळीच आवडलं नाही. आठ दिवसांनी कळलं की पेंढ्याबरोबर उंदीरही आले होते. उजव्या पंखात त्यांनी संसार थाटला होता, पिल्लांसकट. गणपतीत उंदीर शिरला तर कुणी काही म्हणत नाही, तो तिथलाच. पंखातला मात्र कापड, दोरा आणि शेवटी लाकूड असा सगळाच फराळ करतो. त्यानंतर मी शेडमध्ये पेंढ्याची एक काडी येऊ दिली नाही.

चार वर्षं लागली. सांगाड्याचा गंज काढला, पंखांना नवं कापड घातलं, इंजिन पुरतं खोलून बांधलं, तपासण्या झाल्या, कागद मिळाले. मग विमान घाटावरच्या एका धावपट्टीवर गेलं. ते राहतं तिथेच, मी आठवड्यातून दोनदा जाते. सुटं केलेलं काही काम असलं की तो भाग गडबला घेऊन येते, कारण माझा हात तिथेच चालतो. कॅप्टन उडवतात, मला शेजारी बसवून शिकवतात, आणि दर उड्डाणाआधी मी वहीत सही करते. ती सही महत्त्वाची. हे विमान उडवायला योग्य आहे, मी तपासलं आहे, असा तिचा अर्थ असतो. कॅप्टन माझी सही बघतात आणि पुढे काही न विचारता आत बसतात.

सही म्हटलं की तुझा अंगठा आठवतो. पेणच्या बँकेत तू खातं उघडायला गेलीस, मी बरोबर होते, नववी-दहावीत असेन. शाईच्या पॅडवर अंगठा दाबून तू कागदावर टेकवलास, तर नुसता जांभळा ठिपका उठला, रेषा एकही नाही. बँकेतला माणूस म्हणाला, "नीट लावा, बाई." तू पुन्हा लावलास. तिसऱ्यांदा त्याने स्वतः तुझं मनगट धरून दाबला. नाहीच. "काय काम करता?" त्याने विचारलं. तू काही बोलायच्या आत मी म्हटलं, "गणपतीच्या कारखान्यात असते." पुढचं बोलले नाही. तू घासायच्या कामाला होतीस. जोहे गावच्या कारखान्यात, बाहेरच्या मांडवात, बायकांच्या रांगेत. साच्यातून निघालेली मूर्ती तुमच्यापुढे यायची आणि तुम्ही पॉलिशपेपरने तिचे सांधे, फुगवटे, खरबरीत जागा घासून काढायच्या. वर्षानुवर्षं. आधी मूर्ती गुळगुळीत होत गेली, मग तुमचे अंगठे.

मला त्या कामाची लाज वाटायची. आत पंख्याखाली रंगारी बसायचे, आणि सगळ्यांत आतल्या खोलीत आखणी करणारा, डोळे रेखणारा. त्याच्यासाठी चहा वेगळा यायचा. बाहेर तुम्ही, पांढऱ्या धुळीने माखलेल्या, भुवयासुद्धा पांढऱ्या. ते चढवायचे, तुम्ही उतरवायच्या. उतरवण्यात कसली आलीय कला, असं मला वाटायचं. तू मात्र मला शिकवत राहिलीस. "डोळं मिट," म्हणायचीस. माझा अंगठा धरून मूर्तीच्या सोंडेवरून, कानावरून फिरवायचीस. "आता सांग, कुठं हाय?" मला काही कळायचं नाही. तुझा अंगठा एका जागी थांबायचा, तू नख टेकवून दाखवायचीस, आणि तिथे केसाएवढी भेग असायची. तशी मूर्ती तू ओसरीवर बाजूला ठेवायचीस. मालक कुरकुरायचा, पण ठेवायचीस. "रंग डोल्याला फसवतो गो. हाताला नाय फसवत."

ट्रेनिंगला निघाले तेव्हा तू मला तुझा ठोकळा दिलास. आंब्याच्या लाकडाचा, पॉलिशपेपर गुंडाळून धरायचा, एका बाजूने तुझ्या तळव्याने खोलगट केलेला. इतर मुलींना घरून लाडू, स्वेटर, कुणाला मनगटी घड्याळ. मी तो ट्रंकेच्या तळाशी घातला आणि वर कपडे ठेवले. होस्टेलवर कुणी विचारलं असतं तर काय सांगायचं, ते मी एसटीत बसून ठरवलंही होतं. कुणी विचारलं नाही.

एकदा तू हँगरमध्ये आली होतीस, आठवतं? घरच्यांना दाखवायचा दिवस होता. तू नवं लुगडं नेसून आलीस आणि त्या प्रचंड विमानाखाली उभी राहिलीस. सगळ्या आया वर बघत होत्या. तू पुढे होऊन त्याच्या पोटाला हात लावलास, अंगठा फिरवत दोन पावलं गेलीस आणि थांबलीस. "हितं काय तरी केलंय," म्हणालीस. आमच्या साहेबांनी जाऊन जुनी नोंद काढली. खरंच तिथे आतून पत्र्याचं ठिगळ होतं, वरून घासून रंगवलेलं, आमच्यातल्या निम्म्यांना माहीत नव्हतं. साहेब हसून म्हणाले, "मावशी, तुम्ही करता काय?" तेव्हाही मीच मध्ये पडले. "गावाला असते," मी म्हटलं. तू माझ्याकडे बघितलंस आणि पदर नीट केलास.

आता मुद्द्यावर येते. गेल्या पावसाळ्यात विमान उभं होतं, तसं ते दर पावसाळ्यात असतंच. मी शेपटीचा एलिव्हेटर उतरवून गडबला आणला. एलिव्हेटर म्हणजे शेपटीला बिजागऱ्यांवर बसवलेली वरखाली हलणारी फळी. तिच्यामुळे विमान नाक वर करतं किंवा खाली करतं. ती दोन तुकड्यांत सुटते. एसटीत कंडक्टर म्हणाला, "काय हाय ह्यं?" मी म्हटलं, विमानाची शेपटी. तो म्हणाला, "मंग लगेज लागेल." त्या फळीवर कापड आणि रंगाचे दोन पातळ हात होते. दोनच द्यायचे असतात. आधीच्या वर्षी मी ती नियमाप्रमाणे बिजागरीवर टेकवून, मागची कड तराजूवर ठेवून तोलली होती आणि आकडा वहीत लिहिला होता. पण दोन हातांत कापडाची वीण दिसते. जवळून बघितलं तर गोणपाटासारखं.

आणि दिवस कसले, तर गणपतीच्या आधीचे. तुला माहीत आहे त्या दिवसांत पेणला काय असतं. जिथे जाल तिथे रंगाचा वास, अंगणात मूर्ती, ओसरीवर मूर्ती, जो तो रंगाने माखलेला. माझ्या हाताला खाज सुटली. बारा वर्षांची असल्यापासून मला रंगाच्या खोलीत बसायचं होतं, आणि आता माझी स्वतःची शेड, स्वतःची फळी, अडवणारं कोणी नाही. मी तिसरा हात दिला. मग चौथा. मध्ये वीण भरून काढली. सहाव्या हाताला फळी अशी झाली की तीत माझं तोंड दिसलं. मग जोह्याच्या एका आखणीवाल्याकडून बारीक कुंचला आणला आणि मागच्या कडेला सोनेरी किनार ओढली, गणपतीच्या शेल्याला असते तशी, एका दमात, हात न उचलता. ती इतकी सुंदर आली की मी तिथेच खाली बसले. दसऱ्यानंतर फळी परत चढवली आणि वहीत लिहिलं: रंगकाम केले, वजन तपासले. वजन तपासलं नव्हतं. मागच्या वर्षीचा आकडा तसाच उतरवून सही केली. रंगाचं असं किती वजन असणार?

रंगाचं वजन मूर्तीला चालतं, आई. मूर्ती बसून असते. बिजागरीमागे वजन वाढलेली फळी ठरावीक वेग आला की स्वतःच फडफडायला लागते आणि वेळेत थांबली नाही तर तुटते. शेपटी तुटल्यावर काय झालं ते सांगायला कोणी उरत नाही. हे मला ट्रेनिंगच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं, परीक्षेत पूर्ण मार्क होते. पण सोनेरी किनार ओढताना मी विमानाची इंजिनीअर नव्हतेच.

दोन-तीन महिने आम्ही सावकाश उडत होतो, काही झालं नाही. जानेवारीत एका सकाळी परत येताना कॅप्टननी नाक जरा जास्त खाली केलं, वेग वाढला, आणि विमान चालवायची काठी थरथरू लागली. गिरणीची चाळण थरथरते तशी, आधी बारीक, मग दात वाजतील इतकी. शेपटीकडून धडधड ऐकू आली. कॅप्टननी इंजिन कमी केलं, अलगद नाक वर घेतलं, वेग उतरला आणि सगळं शांत झालं. चार-पाच सेकंदांचा खेळ. आम्ही उतरलो. इंजिन बंद करून ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. मला वाटलं आता विचारतील. ते म्हणाले, "केबल ढिल्या झाल्या असतील, ताई. काय म्हनता?"

केबल ढिल्या नव्हत्या. त्या मी आदल्याच आठवड्यात मोजल्या होत्या. काय झालंय ते मला धडधड ऐकली तेव्हाच कळलं होतं. पण त्यांनी मला वाट काढून दिली होती, आयती, पायघड्या घालून. मी म्हटलं, "बघते." एवढंच. उतरून बोटाने किनारीवरची धूळ पुसली. पुढच्या रविवारी ते बायकोला पहिल्यांदा विमानात बसवणार होते.

"बघते" म्हणून मी जशी गप्प बसले, तशी एकदा आधीही बसले होते. तू कधी विचारलं नाहीस, म्हणून मी कधी सांगितलं नाही. तो कोलाडचा गणपती. मी बारा वर्षांची, गणपतीच्या आधीची सुट्टी, मला पहिला हात मारायला आत घेतलं होतं. उचलताना माझ्या हातून त्याचा कान खांबाला लागला. भेग केसाएवढीच. सांगितलं असतं तर मूर्ती ओसरीवर गेली असती आणि मी बाहेर. मी खडूची पूड डिंकात कालवली, भेग भरली आणि तिच्यावर एकावर एक रंगाचे हात चढवले. रंगारी येऊन बघून म्हणाला, "पोरीचा हात बरा हाय." आजही ते वाक्य मला त्याच्या आवाजात ऐकू येतं. गणपती कोलाडला गेला आणि तिसऱ्या दिवशी आरतीत कानाची पाळी गळून ताम्हणात पडली. ज्यांच्या घरी हे झालं त्यांचं काय झालं असेल ते तुला सांगायला नको. ते टेम्पो करून आले. मालकाने त्यांच्यासमोर विचारलं, "ही घासली कुनी?"

तू म्हणालीस, "मी."

"मंग भेग दिसली नाय तुला?"

तू गप्प. मी तुझ्या मागे उभी होते, मांडवाच्या बांबूला धरून. तो कान तुझ्या अंगठ्याखालून गेला होता आणि तेव्हा तो धड होता, हे तुला माहीत होतं. घरी जाताना शेताच्या बांधावर तू थांबलीस, माझा हात घेतलास, उलटा केलास आणि नखं बघितलीस. नखांत अजून गुलाबी रंग होता. तू हात सोडलास. "उद्यापासून शालंत जा. रंगाला येऊ नको." पुढच्या वर्षी मालकाने तुला बोलावलं नाही. त्याने परत बोलावेपर्यंत दोन वर्षं तू खाडीकडे मिठागरात मीठ वाहायला गेलीस. संध्याकाळी तळव्यांच्या चिरांना तेल लावायचीस, आणि मी शेजारी बसून अभ्यास करायचे, पहिल्या नंबराने पास व्हायचे.

तर दोन दिवस मी "बघते"वर काढले. तिसऱ्या दिवशी घाटावर जाऊन फळी उतरवली, बिजागरीवर टेकवली, कड तराजूवर ठेवली. चालतं त्याहून बरंच जास्त. किनारीचं वजन अगदी मागच्या कडेला असल्यामुळे तेच सगळ्यांत वाईट. फळी घेऊन परत आले ती पेणला न थांबता तशीच रोह्याला गेले, कॅप्टनच्या घरी. ते आणि त्यांची बायको ओटीवर वालाच्या शेंगा निवडत बसले होते, मडक्यात भाजायची पोपटी लावायला. बाईंनी चहा विचारला. मी म्हटलं, आधी बोलते.

"केबल नव्हती, कॅप्टन. मी पावसाळ्यात रंगाचे चार हात जास्त चढवले. वजन केलं नाही आणि केलं म्हणून सही केली."

ते शेंग हातात धरून बसले. मग म्हणाले, "उतरलो तवा मी केबल म्हटलं, आनि तुमी गप ऱ्हायलात."

"व्हय," मी म्हटलं. कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून व्हय निघालं.

"रवीवारी हिला बसवनार होतो मी. साडी काढून ठेवलीय तिनं." त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "तुमची सही बघून मी कधी मागं वळून बघितलं नाय, ताई. आता काय करू?" मग हातातली शेंग खाली ठेवून ते म्हणाले, "वहीत लिवा. तुमच्या हातानं, जसं झालं तसं. मंग मी वाचीन." बाईंनी चहा आणला. तो मी प्यायले, कारण न पिणं जास्त वाईट दिसलं असतं.

वहीत लिहिलं. तीस वर्षांत एवढ्या चार ओळी लिहायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता. त्याची एक प्रत ज्या कचेरीत पाठवायची तिथे पाठवली. तिथून काय यायचं ते आलं, प्रश्न आले, उत्तरं दिली. विमान उभं राहिलं.

मग मी घासायला बसले. ट्रंक उघडली, तळातून ठोकळा काढला. माझा तळवा त्या खोलगट जागेत बसेल असं वाटलं नव्हतं, पण बसला. पाण्यात भिजवलेला बारीक पॉलिशपेपर, हलका हात, एका दिशेने. आधी सोनेरी किनार गेली. ती जाताना रडू आलं, उगाच कशाला लपवू. मग सहावा हात, पाचवा, चौथा. खाली रुपेरी थर असतो, तो लागला की थांबायचं, कारण त्याच्याखाली कापड. आणि जिथे आतल्या फासळ्यांना कापड शिवलेलं असतं तिथे दोऱ्याचा उंचवटा येतो. एक घासा जास्त पडला की दोरा तुटतो आणि मग सगळंच नव्याने. चष्म्याने काही दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोळे मिटले आणि अंगठा फिरवला. इथे दोरा. इथे भरलेली वीण. इथे अजून एक थर आहे. इथे नाही. आई, मला कळत होतं. तेव्हा कधीच कळलं नाही असं मी म्हणायचे, पण कुठेतरी कळून राहिलं होतं.

तीन आठवडे गेले. गिरणीत पांढऱ्याऐवजी लाल धूळ, माझ्या भुवया लाल. कॅप्टन एकदाच गडबला आले, अचानक, न कळवता. फळीवरून हात फिरवला, वही मागितली, चार ओळी उभ्यानेच वाचल्या. मग म्हणाले, "पुन्हा तोलाल तवा मला बोलवा. आकडा मी बघनार." मी बोलावलं. रंगाचा एकच पातळ हात देऊन, वाळवून, त्यांच्यासमोर तोलली. आकडा त्यांनी स्वतःच्या चष्म्याने वाचला आणि त्याच्याखाली मी सही केली. आता दर वेळी ते आकडा बघतात. पूर्वी बघत नव्हते. ते आता तसंच राहणार, आणि त्यात त्यांची चूक नाही. बाईंनी तर मला फोनवर सांगितलं, "मी बसन, पन आदी माजं पन वजन करा." परवा शनिवारी त्या बसणार आहेत, खरंच.

काल आम्ही दोघं वर गेलो होतो. कॅप्टननी वेग वाढवत नेला, त्या दिवशीच्या आकड्यापर्यंत, मग किंचित पुढे. काठीवर माझाही हात होता. ती हलली नाही. मला भीती वाटत होती आणि मी ती लपवली नाही, "भीती वाटतेय" असं मोठ्याने म्हटलं. ते म्हणाले, "मला पन." मग घाटाच्या कडेपर्यंत त्यांनी मला चालवू दिलं. तिथून पुढे जायची आम्हाला परवानगी नाही, पण खाली दिसतं सगळं. धुरकट होतं. खाडीच्या वळ्या दिसल्या, मिठागराचे चौकोन आरशासारखे चमकत होते, आणि कुठेतरी मांडवांच्या निळ्या प्लॅस्टिकचे ठिपके, ते जोहे असावं असं मी ठरवून टाकलं. तुला दाखवायला आवडलं असतं. तू वरून खाली बघितलं नसतंस, कापडाला हात लावून बघितलं असतंस.

हे पत्र पाठवायची सोय नाही आणि असती तरी तुला वाचता येत नव्हतं, कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं. विमानाच्या वहीच्या कप्प्यात ठेवावं असं मनात आलं होतं. पण सुटा कागद विमानात ठेवायचा नसतो, कुठे तरी जाऊन अडकतो. घरातच ठेवीन, ठोकळ्याखाली.

एक सांगायचं राहिलं. काल उतरल्यावर कॅप्टन म्हणाले, एक फोटो काढा. मी फोन काढला, अंगठा लावला. उघडेना. पुसून लावला, दुसरा लावला. नाहीच. त्यांनी माझा हात धरून अंगठा उन्हात बघितला आणि महिन्याभरात पहिल्यांदा हसले. "ताई, रेगा कुठं गेल्या तुमच्या?" मग फळीवरून हात फिरवत म्हणाले, "असं घासायला शिकवलं कुनी तुमाला?"

मी म्हटलं, "ट्रेनिंगमध्ये."